आईचा धोंड्या

आमच्या बोईसरच्या खोलीत कधी मांजर राहिलं नाही की पोपट. घरमालकाला चालत नसे, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तिघं माणसंच एकमेकांच्या अंगावरून जायची. तरी आईने तिथे एक प्राणी पाळला होता. तो दगडाचा होता आणि एका हातात मावणाऱ्या खेळाच्या पडद्यावर राहायचा. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही. आता मी आईपेक्षा वयाने मोठा झालो आहे. ती गेली तेव्हा जेवढी होती त्याच्या पुढे येऊन मला चार-पाच वर्षं झाली. कोणी हसलंच तर हसू दे.

आम्ही मूळचे समुद्रकाठच्या नवापूरचे. बाबांनी काकांबरोबरची बोट सोडली आणि बोईसरला रंगाच्या कारखान्यात लागले, तेव्हा आई आणि मी त्यांच्या मागून आलो. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर खोली होती, नळ खाली. सकाळी पहिल्या पाळीची बस हॉर्न देत यायची. जिन्यावर चपला वाजायच्या, कोणीतरी कोणालातरी हिंदीत हाका मारायचं आणि मग सगळी चाळ एकदम रिकामी व्हायची. बाबा परत येत तेव्हा त्यांच्या नखांच्या कडा कधी पिवळ्या असत, कधी गुलाबी. आई ते हात साबण लावून स्वतः घासायची आणि रंग निघाला नाही की बाबांनाच रागवायची. तिचे स्वतःचे हात मात्र रिकामे पडले होते. नवापूरला ती भल्या पहाटे उठून बोंबील सुकायला वलांडीच्या बांबूंवर टाकायची, जवळा पसरायची, कावळे हाकायची, चार बायकांशी भांडायची. इथे तिने एकदा गच्चीत सुकट पसरली, तर शेजारची भाभी नाकाला पदर लावून आली. "दीदी, बुरा मत मानना, पर बच्चों को उलटी होती है." आईने सुकट गोळा केली. खोलीत येऊन ती पितळी डब्याचं झाकण कितीतरी वेळ दाबत बसली. त्यानंतर कालवण करायचं असलं की ती आधी दार लावून घ्यायची.

दुपारचे तिचे तास कसे जात, ते मी तेव्हा कधी विचारलं नाही. शाळेतून आलो की गरम तांदळाची भाकरी आणि करंदीचं कालवण ताटात असायचं, तेवढं मला पुरे होतं.

माझा मामा जहाजावर खलाशी होता. कागदोपत्री त्याचं नाव दुसरं होतं, पण घरी सगळे त्याला धोंडू म्हणायचे. आईच्या पाठची दोन भावंडं तान्ही असताना गेली होती, म्हणून हा झाला तेव्हा आजीने त्याचं नाव धोंडू ठेवलं. दगडावर कोणाचा डोळा जात नाही, असं तिचं म्हणणं. तर हा धोंडूमामा एका सुट्टीत आला आणि त्याने मला तो खेळ दिला. कुठल्याशा जपानी बंदरात, जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालेला. राखाडी रंगाचा, पाठीत पेन्सिल सेल घालायचे, वर खेळाची एक लहानशी चौकोनी कॅसेट खोचायची. पडद्यावरची अक्षरं जपानी होती. मला इंग्रजी थोडंफार वाचता यायचं, आईला मराठी चौथीपर्यंतचं, पण या अक्षरांपुढे आम्ही दोघंही सारखेच. फक्त आकडे ओळखीचे होते.

खेळ असा होता की एक मुलगा गावोगाव हिंडतो. गवतातून, गुहांतून निरनिराळे प्राणी समोर येतात. त्यांना जाळं टाकून पकडायचं, आपल्याजवळ ठेवायचं, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवून मोठं करायचं. प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे आकडा असे, जिंकत गेलं की तो वाढे. एकाच जातीचे दोन प्राणीही अगदी हुबेहूब सारखे नसत. माझ्याजवळ आगीची शेपटी असलेला एक कोल्हा होता आणि मी त्याच्यावर जाम खूश होतो.

एक दिवस शाळेतून आलो, तर आई दाराशी उभी. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं हसू.

"हेम्या, रागवू नको हां. मी जरा बगत होते. हा बग काय गावलाय."

पडद्यावर माझ्या कोल्ह्याशेजारी एक बसकं, ओबडधोबड धूड बसलं होतं. पाट्यासारखी रुंद पाठ, त्यावर शेवाळाचे दोन ठिपके, तेच त्याचे डोळे. एका अंगाने कपचा उडालेला. पाय असे नव्हतेच, सगळं अंग घासत पुढे सरकायचं.

"तू पकडलास?"

"जालं टाकायला कोन शिकवनार मला?" आई म्हणाली आणि मोठ्याने हसली. नवापूर सोडल्यापासून ती तशी हसलेली मला आठवत नाही. "धोंड्या नाव ठेवलंय त्याचं. मामासारखाच हाय. उठायला वेल लावतो, पन एकदा बसला की बसला."

त्यानंतर आमची वाटणी ठरून गेली. सकाळी मी शाळेत गेलो की खेळ आईचा, संध्याकाळी माझा. धोंड्या लढाईत नेहमी सर्वांत शेवटी हलायचा. समोरचा दोन-तीन घाव घालून मोकळा होई, तेव्हा कुठे हा जागचा सरके. त्याच्या चार डावांपैकी एक डाव अगदीच निरुपयोगी होता. तो निवडला की धोंड्या डोळे मिटून साधा दगड होऊन बसे आणि घाव सोसत राही. मी आईला म्हटलं, तो डाव काढून टाक, त्याच्या जागी नवा जोरदार डाव घेता येतो. तिने मान हलवली. "र्‍हाऊ दे. त्याला दम खायला पायजे ना कवातरी." कालवणाला उकळी येईपर्यंत ती स्टोव्हजवळ पाटावर बसून खेळायची, आणि खेळताना त्याच्याशी बोलायची. "ऊठ रे बाबा. ऊठ. असा पडू नको. बग, तो पन दमलाय." धोंड्याचा आकडा माझ्या कोल्ह्याच्या केव्हाच पुढे गेला. तो चाळीस झाला त्या दिवशी आईने शिरा केला आणि बाबांना कारण सांगितलंच नाही. बाबांनी दोनदा विचारलं आणि मग शिरा खाल्ला.

त्याच सुमारास तिला धाप लागायला लागली. पाण्याची कळशी घेऊन पहिल्या मजल्यावर आली की ती कठड्याला टेकायची, भाभीशी काहीतरी बोलायचं निमित्त काढायची. भाभीच्याच ते आधी लक्षात आलं. ती आपल्या मुलाला आईची कळशी वर न्यायला सांगू लागली. मी घरातच असायचो, पण माझ्या लक्षात आलं नाही. मी सातवीत होतो. लक्षात आलं नाही म्हणण्यापेक्षा मी पाहिलं नाही, हे जास्त खरं.

माझ्या वर्गात अनिल म्हणून मुलगा होता. वडील कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, घर कंपनीच्या वसाहतीत. त्याने घरी यावं असं मला फार वाटायचं, आणि एका शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर तो आलाही. दार उघडंच होतं. आई पाठमोरी बसली होती. तिला आमची चाहूल लागली नाही. "ऊठ रे माज्या धोंड्या, ऊठ," ती म्हणत होती, "तुला काय झालं नाय. उगा पडलास." अनिलने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला. आईने त्याला आग्रहाने भाकरी वाढली. त्याने एक घास खाल्ला.

सोमवारी मी वर्गात पाऊल टाकलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "ऊठ रे माज्या धोंड्या!" मग सगळ्याच बाकांवरून. आईचा हेल इतका हुबेहूब काढला होता की क्षणभर मला वाटलं, तीच आली आहे. तो आठवडाभर मी ते ऐकलं. शुक्रवारी घरी येऊन मी तिच्या हातातून खेळ हिसकावून घेतला.

"पुन्हा हात लावायचा नाही याला. तुला कळतं का काही? सगळे हसतात मला. कसं गावठी बोलतेस तू!"

आई म्हणाली, "बरं." एवढंच. आणि ताट वाढायला उठली. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला, हे मात्र मी पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात ती जिन्यावर कोसळली. पालघरच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं आणि मुंबईच्या इस्पितळात पाठवलं. बाबा तिच्याबरोबर गेले आणि माझी रवानगी उमरोळीला आत्याकडे झाली. निघताना आई रिक्षात बसली होती, मांडीवर कपड्यांची पिशवी. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आत्याला तरास देऊ नको. आणि धोंड्याला सांबाल."

मी इकडे-तिकडे पाहिलं. कोणी ऐकलं तर नाही ना, हे.

आत्याच्या घराला पुढे मोठी पडवी होती. दुपारी घरातले सगळे शेतावर गेले की तिथे मी एकटा असायचो. दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी मी खेळ काढला. सुरू केल्यावर आधी दोन ओळी येत. वरची ओळ जुना खेळ पुढे नेई, खालची अगदी नव्याने सुरुवात करी. खेळात जागा एकाच खात्याची होती. नवं जपून ठेवलं की जुनं सगळं पुसलं जाई. हे मला पक्कं माहीत होतं. आजवर मी स्वतःलाही ते चुकून झालं असंच सांगत आलो. इथे खरं लिहितो. मी खालची ओळ निवडली. तासभर नवा मुलगा घेऊन हिंडलो आणि मग जपून ठेवायचं बटण दाबलं. खेळाने विचारलं. अक्षरं कळत नव्हती, तरी प्रश्न कळत होता, कारण खाली दोनच पर्याय होते आणि त्यातला 'नाही' कुठला हे आम्हाला केव्हाच समजलं होतं. मी 'हो' दाबलं. त्याने पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा 'हो' दाबलं. मला वर्गातल्या हसण्याचा राग होता, आई मला सोडून गेली याचा होता, आणि ती मरेल की काय या भीतीचाही होता. बाराव्या वर्षी मला हे सगळं एकमेकांपासून वेगळं करता आलं नसतं. आता करता येतं, पण त्याचा काही उपयोग नाही.

चौथ्या दिवशी बाबा आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आत्याने पुढे केलेला चहा त्यांनी उभ्यानेच प्यायला. शस्त्रक्रिया झाली, शुद्धीवर आली आहे, म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"तिनं एक निरोप दिलाय. मला नीट समजला नाही. म्हणाली, हेम्याला सांगा, धोंड्याला भूक लागली असेल. कोण रे हा धोंड्या?"

"खेळ आहे," मी म्हणालो.

बाबा गेल्यावर मी गोठ्यामागे जाऊन रडलो, आणि रडून झाल्यावर खेळ घेऊन बसलो. ती गुहा खेळात फार पुढे होती. तिथवर पोचायला मला तीन दिवस लागले, आणि त्या जातीचा प्राणी समोर यायला आणखी एक. त्याला जाळ्यात पकडलं आणि मग त्याला मोठं करायला लागलो. सकाळ नाही, दुपार नाही. आत्या वालाच्या शेंगा सोलता सोलता माझ्याकडे बघायची. शेवटी एकदा ती शेजारणीला म्हणालीच, "आय तिकडं मरनाच्या दारात हाय आनि ह्याचा खेल सुटत नाय. काय कालीज म्हनायचं आताच्या पोरांचं." मी ऐकलं आणि खेळत राहिलो.

आई परत आली आणि मीही आत्याकडून खोलीवर आलो, तेव्हा त्या नव्या दगडाचा आकडा एकोणीसपर्यंत पोचला होता.

ती फार वाळली होती. गळ्याखाली पट्टी दिसत होती, ती तिने पदराने झाकली. भाभी वरण-भात करून घेऊन आली, बराच वेळ तिचे पाय चेपत बसली आणि जाताना म्हणाली, "दीदी, अब मछली सुखाना हो तो सुखा लेना, मैं सबको बोल दूँगी." दोघी हसल्या. ती गेल्यावर आईने माझ्याकडे बघितलं. काही न मागता नुसतं बघितलं. मीच खेळ तिच्या हातात दिला.

तिने सुरू केला. अंगठा नेहमीच्या ठिकाणी गेला. मी खिडकीतून बाहेर बघत उभा राहिलो. मागे लढाईचा बारीक आवाज येत होता, मग तो थांबला.

"हेम्या."

"काय?"

"हा आपला नाय."

"तोच आहे."

"त्याचा कपचा डाव्या अंगाला उडालेला. ह्याचा नाय. आनि आकडा बग. एकोनीस."

मी म्हणालो, "तू नव्हतीस ना इथे. तू सोडून गेलीस म्हणून तो खंगला."

असं मी म्हणालो. छातीला टाके असलेल्या बाईला.

आईने खेळ बंद केला, उशाशी ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी बाबांनी विचारलं, काय झालं, चेहरा का असा? ती म्हणाली, "काय नाय. सेल गेलेत त्याचे. उद्या हेम्या आनील." बाबांनी ते खरं मानलं. मी दुसऱ्या दिवशी गरज नसलेले सेल आणून तिच्या उशाशी ठेवले. तिने ते घेतले.

त्यानंतर सात-आठ महिने ती होती. थोडं बरं वाटायचं, पुन्हा धाप लागायची. कळशी आता बाबा भरायचे, पाळीवर जायच्या आधी. भाकऱ्या मी थापायला शिकलो, फाटायच्या, तिघंही त्या फाटक्याच खायचो. दुपारी ती पुन्हा खेळू लागली होती. त्या नव्या दगडाला तिने नाव दिलं नाही, त्याच्याशी बोलताना मी तिला ऐकलं नाही. पण तिने त्याला सोडलंही नाही. मी शाळेतून यायचो तेव्हा त्याचा आकडा एकाने वाढलेला असायचा. मी रोज ठरवायचो, आज सांगायचं. कधी बाबा घरात असायचे, कधी तिला झोप लागलेली असायची, कधी ती हसत असायची आणि ते हसू मोडायला नको वाटायचं. सबबी मिळत गेल्या, दिवस संपत गेले.

दुसऱ्यांदा तिला मुंबईला न्यायचं ठरलं तेव्हा रिक्षा खाली उभी होती. जिना उतरायला तिला दोघांचा आधार लागला. भाभीने एक हात धरला होता, बाबांनी दुसरा. मी मागून धावत खाली गेलो आणि खेळ तिच्या पिशवीत घालू लागलो. तिने माझं मनगट धरलं.

"नको. तुज्याकडं र्‍हाऊ दे."

"घे ना. तिकडे तुला कंटाळा येईल."

"नको रे." तिने दम घेतला. बाबा रिक्षावाल्याला रस्ता सांगत होते. आई माझ्याकडे वाकली आणि अगदी हळू, चारचौघांत पोराची लाज राखावी तशा आवाजात म्हणाली, "फक्त ह्या वेलेला पुसू नको."

मी "हो" म्हणालो. आणखी पुष्कळ बोलायचं होतं. रिक्षा निघाली.

ती इस्पितळातच गेली. मामाला कुठल्या तरी बंदरात कळवलं, तो दोन महिन्यांनी आला आणि नवापूरच्या किनाऱ्यावर एकटाच बसून राहिला. आम्ही खोली सोडून गावी परतलो. बाबा तिथूनच पाळीला जात राहिले.

मी तो खेळ पुन्हा खेळलो नाही. वर्षातून एक-दोनदा नवे सेल घालून सुरू करायचो, वरची ओळ निवडायचो, तो दगड जिथे आईने उभा केला होता तिथेच आहे ना, बघायचो आणि बंद करायचो. कॉलेज झालं, पालघरला नोकरी लागली, लग्न झालं. मी हे नेमाने करत राहिलो. बायकोला वाटायचं, जुन्या वस्तूचा लळा आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर एकदा सेल घालून सुरू केला, तर पडद्यावर एकच ओळ आली. नव्या सुरुवातीची. मी बंद करून पुन्हा सुरू केला. सेल बदलले. फुंकर मारून पाहिली. तीच एक ओळ. पालघर स्टेशनसमोर मोबाइल दुरुस्त करणारा एक तरुण आहे, त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याने बारीक स्क्रू काढले, आतली हिरवी पट्टी भिंगाखाली धरली आणि नाण्याएवढा एक सेल मला दाखवला. खेळातलं सगळं त्या सेलवर जिवंत राहतं, तो इतकी वर्षं टिकला हेच खूप, असं म्हणाला. नवा घालून देतो, पण जुनं काही परत येणार नाही.

"मी पुसलं नाही," मी म्हणालो.

"काय, काका?"

"मी काही दाबलं नाही. ह्या वेळी मी नाही पुसलं."

माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या बाकावरची बाई वळून बघू लागली. त्या मुलाने भिंग खाली ठेवलं. त्याने स्टूल पुढे ओढलं, पाण्याची बाटली माझ्यासमोर केली आणि म्हणाला, "नाही हो काका. तुमची काहीच चूक नाही."

मी स्टुलावर बसलो आणि त्याच्यासमोरच रडलो.